माळी परवडत नाहीत म्हणून नव्हे!

मा. संपादक, स. न.

रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखकमहाशय मुलाकडे दोन महिने पाहुणचार घेऊन आले, विद्यापीठाच्या आवारात कातरलेल्या हिरवळीऐवजी पुरुषभर उंच गवत पाहिले आणि 'मंदीमुळे माळी परवडत नसावेत' असे ठोकून मोकळे झाले. विनोद म्हणून ठीक. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात केस पांढरे केलेल्या वाचकाचेही थोडे ऐका.

ज्या हिरवळीसाठी त्यांचा जीव हळहळला, ते केंटकी ब्लूग्रास युरोपातून आलेले. इथले मूळचे बिग ब्लूस्टेम गवत जमिनीत आठ-दहा फूट मुळे सोडते. शेजारच्या इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी, म्हणजे उंच गवताचे आणि रानफुलांचे मूळचे माळरान, होती. नांगर न लागलेली आज 0.01 टक्काही उरलेली नाही, बाकी सगळा मका आणि सोयाबीन. मॅडिसनच्या विद्यापीठाने जुन्या शेतजमिनीवर ती पुन्हा उभी करायला घेतली 1930च्या दशकात, आणि खऱ्या मंदीतल्या बेकार तरुणांनीच तिथे घाम गाळला. आजही ही कर्टिस प्रेअरी अधूनमधून मुद्दाम पेटवतात, म्हणजे झाडेझुडपे माजत नाहीत. लेखक तेव्हा तिथे असते तर त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला असता.

माझ्या संतापाचे कारण मात्र घरचे आहे. आमच्या घरापुढची हिरवळ मी उन्हाळाभर प्लास्टिकखाली दाबून मारली आणि थंडीच्या तोंडावर प्रेअरीचे बी फेकले, कारण यातले बरेच बी गारठ्यातून गेल्याशिवाय रुजत नाही. पहिल्या वर्षी दिसते ते निव्वळ तण. फुलांसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावे लागते. आम्ही थांबलो, शेजारच्या बाई थांबल्या नाहीत, त्यांनी तक्रार केली. दारावर पालिकेची नोटीस लागली: गवत आठ इंचांच्या वर गेले आहे, कापा, नाहीतर आम्ही कापून बिल पाठवू. झाडांची यादी आणि फोटो घेऊन कचेरीत गेलो. खिडकीवरच्या माणसाने गोड हसून सोमवारी यायला सांगितले. यंत्र शुक्रवारीच आले. मिल्कवीड या रानरोपाच्या पानांवर मोनार्क फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या चरत होत्या. मिल्कवीडखेरीज त्या दुसरे काही खात नाहीत. सगळ्याचा भुगा झाला. बिलावर कारण लिहिले होते, 'उपद्रव निवारण'. भरले, काय करणार! शेजारच्या मिनेसोटाने 2023 मध्ये कायदा करून अशा बागांना संरक्षण दिले. आमचे घर सीमेच्या अलीकडे, एवढाच आमचा गुन्हा.

त्या बाईंचे आणि आपल्या लेखकांचे मत शब्दशः एकच आहे, म्हणून हे पत्र. आपल्याकडेही वेगळे काय चालते म्हणा! माळरान दिसले की 'पडीक' म्हणायचे, खड्डे खणायचे, रोप लावताना फोटो काढायचे. माळढोक मोकळ्या गवताळ माळावर राहतो, झाडीत नव्हे, हे सोलापूरकरांना तरी मी सांगायला नको.

जाता जाता. लेखासोबत 'अमेरिकेतील प्रेअरी' म्हणून छापलेला फोटो गव्हाच्या शेताचा आहे. ओंब्या स्पष्ट दिसतात. फोटो निवडणाऱ्यांना एकदा शिवारात पाठवा.

— एक वाचक, विस्कॉन्सिन