हरणं, गंज आणि तुझे दोन प्रश्न

विस्कॉन्सिन,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी हरणांच्या शिकारीचा सीझन होता, मग मटण कापून पाकिटं भरणं होतं, मग ट्रकने रडायला घेतलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. त्यामुळे आता निमूट वाच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, मार्चमध्ये बदली होऊन इकडे येतो आहेस तर गाडी कुठली घेऊ? आणि दुसरी, जी तू लेकीच्या नावावर खपवलीस: काका हरणांना का मारतात? फोटो बघून ती माझ्याशी बोलत नाही, हे मला कळलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चौदा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मीसुद्धा शेजारच्या म्हाताऱ्याकडे असाच बघायचो. आमच्या घरात माशीही मारत नसत, तुला माहीतच आहे.

माझं मत बदललं ते त्याच म्हाताऱ्यामुळे. इथे जमीन चाळीस-चाळीस एकरांच्या तुकड्यांत मोजतात. त्याच्याकडे असे दोन तुकडे, त्यातला एक जंगलाचा. एका उन्हाळ्यात त्याने मला तिथे नेऊन विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, किती छान, मोकळं, स्वच्छ जंगल आहे. तो हसला. म्हणाला, हे खाल्लेलं जंगल आहे. मग त्याने दाखवलं तसं दिसायला लागलं. वर मोठी झाडं होती, खाली नेचे आणि गवत, आणि मधे काहीच नाही. हरणाचं तोंड पोहोचतं तिथपर्यंत सगळं साफ, कोणी दोरी लावून छाटल्यासारखं. हेमलॉकचं रोप नाही, सिडारचं नाही. त्याच्या लहानपणी वसंतात ट्रिलियमच्या पांढऱ्या फुलांचा सडा असायचा म्हणे, आता कुठेतरी एखादं फूल. त्याने कुंपण घालून एक छोटा चौकोन वाचवून ठेवला होता. त्या जाळीच्या आत कमरेइतकी रोपं होती आणि बाहेर माती. मला पटवायला तेवढं पुरलं.

हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओरबाडून तोडतं. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने कापल्यासारखी तिरकी दिसते, हरणाने खाल्लेली फाटलेली, तंतू निघालेली. आता कुठल्याही जंगलात शिरलो की माझी नजर आधी डहाळ्यांच्या टोकांवर जाते. बायको म्हणते, फिरायला येतोस की पंचनामा करायला.

आता तुझ्या लेकीचा प्रश्न. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळ-सांबरासारखं सारंग कुळातलं, म्हणजे शिंगं भरीव आणि दरवर्षी गळणारी. (काळवीट कुरंग कुळातलं, त्याची शिंगं पोकळ आणि कायमची. हे तिला सांग, शाळेत उपयोगी पडेल.) प्रौढ मादीला खायला पुरेसं मिळालं तर बहुतेक वर्षी जुळं होतं. आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. आता हिशेब तूच कर, तुझं गणित माझ्यापेक्षा बरं होतं. दहा नर मारून कळप कमी होत नाही, पुढच्या वर्षीही तेवढीच पाडसं जन्मतात. कळप आटोक्यात ठेवायचा तर मादीच मारावी लागते. तू फोटोत जे पाहून हळहळलास, "बिनशिंगाची, गरीब", ती मादीच होती. मुद्दाम मारलेली.

इथेच माझं इथल्या अर्ध्या शिकाऱ्यांशी भांडण आहे. त्यांना शिंगं हवीत. शिंगांना किती टोकं, किती रुंदी, त्यावर वर्षभर गप्पा. मादी समोर आली तर सोडून देतात आणि वर सांगतात की आम्ही कळप वाढवतो. वाढवतात खरा! पूर्वी काही भागांत नियम होता की आधी एक बिनशिंगाचं हरीण मारून दाखवा, मगच शिंगवाला नर मारायची परवानगी. कळप खाली आणायला तो चांगला चालत होता, पण लोकांना इतका नकोसा झाला की २०११मध्ये कायद्यानेच काढून टाकला. माझ्या मते चूक झाली. म्हाताऱ्याच्या मते बरं झालं. सक्तीने माणूस खोटं बोलायला शिकतो, असं तो म्हणतो. आमचा हा वाद दर थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा इथला सण) जेवणाच्या टेबलावर होतो आणि टर्की संपली की थांबतो.

हा वाद नवाही नाही. आल्डो लिओपोल्ड नावाचे प्राध्यापक १९३३पासून इथे मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत होते. तरुणपणी अमेरिकेच्या नैऋत्येकडे वनखात्यात असताना लांडगे मारले की हरणं वाढतील, असं तेही मानायचे. पुढे उघडेबोडके डोंगर पाहून त्यांचं मत पार फिरलं. इथल्या उत्तरेकडच्या जंगलात हरणं हिवाळ्यात उपाशी मरताना पाहून त्यांनी माद्या मारायला परवानगी द्या, असा आग्रह धरला. १९४३मध्ये ती मिळाली, त्या सीझनमध्ये सव्वा लाखाहून जास्त हरणं मारली गेली आणि लोकांनी असा काही गदारोळ केला की विचारू नकोस. शास्त्र प्राध्यापकांच्या बाजूने होतं, पण मादीवर गोळी झाडायला लोकांचं मन धजावत नव्हतं. ऐंशी वर्षांनी माझ्यासमोर बसणारी माणसं तीच वाक्यं बोलतात.

लांडग्यांचंही ऐकवतात. लांडगे इथून १९६०च्या सुमाराला संपले होते, पुढे सत्तरच्या दशकात शेजारच्या मिनेसोटातून आपणहून परत आले. उत्तरेत एखाद्याला सीझनभर हरीण दिसलं नाही की खापर लांडग्यावर. पण तिथे खरा मारेकरी हिवाळा असतो. राज्यात त्याची मोजदाद ठेवतात: डिसेंबर ते एप्रिल, ज्या दिवशी जमिनीवर अठरा इंच किंवा जास्त बर्फ त्या दिवसाला एक गुण, तापमान शून्य फॅरनहाइट किंवा खाली गेलं तर आणखी एक. गुण फार झाले की पुढच्या वर्षी पाडसं कमी. इतकी साधी गोष्ट, पण हिवाळ्यावर कोणाला रागावता येत नाही ना.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रोगाची. याला इथे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात, म्हणजे हळूहळू खंगवणारा, क्षयी रोग, पण आपल्या टीबीशी त्याचा संबंध नाही. ना जिवाणू, ना विषाणू. मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. हरीण खंगत जातं, लाळ गाळतं, मान टाकतं आणि मरतं. उपाय नाही. ते प्रथिन शिजवून नष्ट होत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. १९६७मध्ये ते पहिल्यांदा कोलोराडोत लक्षात आलं, आणि २००२च्या फेब्रुवारीत आमच्या इथे, मॅडिसनच्या पश्चिमेला. आता राज्याच्या दक्षिण भागात काही ठिकाणी प्रौढ नरांत तीनातल्या एकाला तरी तो असतो. माद्यांमध्ये कमी. म्हणजे ज्या थोराड, मोठ्या शिंगांच्या नराची हे लोक पाच-पाच वर्षं राखण करतात, तोच बहुधा रोग वाहत फिरतो! हे मी बोललो की टेबलावर शांतता होते.

माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी मी तपासणीशिवाय खात नाही. रस्त्याकडेला मोठ्या पेट्या ठेवलेल्या असतात. हरणाचं डोकं मानेचा थोडा भाग ठेवून पिशवीत बांधायचं, चिठ्ठी लावायची आणि टाकून यायचं. घशाजवळच्या लसिका ग्रंथी तपासतात. पैसे पडत नाहीत. निकालाला एक-दोन आठवडे लागतात, तोवर मटणाच्या पाकिटांवर नंबर घालून ती वेगळी ठेवायची. एवढं सोपं असूनही बरेच जण करत नाहीत. आळस, दुसरं काय.

आता यंदाच्या शनिवारचं सांगतो, कारण त्यातच तुझ्या गाडीचं उत्तर आहे. सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो, नऊ दिवस चालतो. पहाटे चारला निघालो. उणे बारा सेल्सिअस. ट्रक पहिल्या सेलला चालू झाला, कारण रात्रभर इंजिनाचा हीटर लावून ठेवला होता आणि बॅटरी दोन वर्षांची आहे. उणे अठराला बॅटरीचा जोर जवळपास निम्मा होतो आणि घट्ट झालेलं ऑइल फिरवायला इंजिनाला दुप्पट जोर लागतो. "अजून एक हिवाळा काढेल" म्हणणारे लोक दरवर्षी मला जंप केबल मागायला येतात.

मचाणावर तीन तास बसलो. अंगात भगवं जाकीट, आपल्या वारीतल्या पताकेपेक्षा भडक. नऊच्या सुमाराला तीन माद्या ओळीने आल्या. पुढची सोडली. दोन नंबरची साठ पावलांवर आडवी उभी राहिली, तेव्हा श्वास सोडून चाप ओढला. ती चाळीस पावलं धावून पडली. तरी मी वीस मिनिटं वरच बसून राहिलो, लगेच मागे जायचं नसतं. मजा येते का, असं तुझी लेक विचारेल. त्या वीस मिनिटांत येत नाही. हे तिला खरं सांग.

आतडी काढून, ओढत आणून, ट्रकमध्ये टाकून निघालो. जंगलातल्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला गेला. मागची ब्रेक लाइन फुटली होती. पुढचे ब्रेक वेगळ्या सर्किटवर असतात म्हणून जेमतेम धरले, शिवाय गाडी खालच्या गिअरमध्ये होती. झुडपाला टेकून थांबलो. मागे मेलेलं हरीण, स्टिअरिंगवर जवळपास तसाच मी.

याच ट्रकला महिन्यापूर्वी एका गॅरेजने "एकदम ठणठणीत" म्हणून हातावर चिठ्ठी दिली होती. लाइन फुटली ती पेट्रोलच्या टाकीच्या वर, जिथे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी वाकून बघितलं नव्हतं. मीही नव्हतं, म्हणून फार बोलत नाही.

इथे गाडीला इंजिन मारत नाही, मीठ मारतं. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते चेसिसच्या सांध्यात बसतं आणि लोखंडाचे पापुद्रे काढतं. आणि खासगी गाडीची दरवर्षी सुरक्षा तपासणी इथे सक्तीची नाही, त्यामुळे खालून कुजलेली गाडी वरून पॉलिश होऊन खुशाल विकली जाते. तू ॲरिझोनात आहेस, हे तुझं नशीब. गाडी तिथेच घे! तिकडची वाळवंटातली जुनी गाडी इकडच्या निम्म्या वयाच्या गाडीपेक्षा खालून कोरी असते. फक्त उन्हाने तडकलेली रबरं, नळ्या आणि टायर आल्यावर बदलून घे.

कंपनी कुठली, हे मला विचारू नकोस, त्यावर इथे मैत्र्या तुटल्या आहेत. तीन गोष्टी मात्र बघ. फोर-व्हीलचा दांडा हाताने पडतो की बटणावर मोटर फिरते? दांडा असेल तर उत्तम, थंडीत मोटर रुसते. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे का? आणि पहिल्या हिवाळ्याआधी खालून लोकरीच्या तेलाचा थर मारून घे, मेंढीच्या अंगचं असतं ते, वास येतो पण गंज धरत नाही. ब्रेक लाइन बदलायची वेळ आली तर तांबं-निकेलची घाल, ती गंजत नाही. मी आता तीच घातली आहे, सगळीकडे. शिवाय उंदीर वायरी खातात, त्यावर माझ्याकडे अजून इलाज नाही. मांजर पाळलं होतं, ते गाडीत झोपतं.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सावकाश चालव. माजाचे दिवस असतात, नर डोळे मिटल्यासारखे रस्त्यावर धावतात. एक हरीण गेलं की ब्रेक सोडू नकोस, मागे दुसरं असतंच.

त्या मादीचा निकाल परवा आला, रोग नाही. जबडा पाहिला, दाढा बऱ्याच झिजलेल्या होत्या, चार-पाच वर्षांची असावी. खिम्याची सहा पाकिटं तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहेत. लेकीने खाल्लं नाही तरी चालेल, तिच्यासाठी वहिनीच्या हातचं पिठलं होईल. पण तिला एकदा म्हाताऱ्याच्या त्या कुंपणापाशी नेऊन आणायचं आहे. मेच्या मध्याला ट्रिलियम फुलतात, त्याआधी या.

गाडी ठरवशील तेव्हा तिच्या खालचे फोटो पाठव. रंग दाखवू नकोस.

तुझाच