कॅसेटी भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या आळीत भंगारवाल्याची हातगाडी आली होती. रद्दी, पत्र्याचे डबे आणि मोडक्या पंख्याच्या मध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात व्हीएचएसच्या जाड काळ्या कॅसेटी होत्या. एकीच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं, 'मुंज, वैशाख १९९८'. मी गाडी थांबवली आणि अख्खं खोकं विकत घेतलं. ते कुठल्या घरातून आलं हे त्याला सांगता येईना, कारण सकाळपासून तो तीन-चार आळ्या फिरला होता. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६८. संगणक शिकले तो नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, शाळेचे तक्ते भरण्यापुरता. पुढचं सगळं मला शिकावं लागलं ते आमच्या सासूबाईंच्या ओव्यांसाठी.

२००३ साली नणदेच्या यजमानांनी मस्कतहून ह्यांना एक मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटींवर चित्रण करणारा, कॅमेरा आणून दिला. ह्यांनी हौसेने चौदा कॅसेटी भरल्या. शिमग्याची पालखी, भातलावणी, गणपती, घरातली बारशी. २००४ च्या गणपतीत मागच्या पडवीत जात्यावर बसलेल्या सासूबाई ओव्या म्हणतायत, असं चित्रण त्यांतल्या एका कॅसेटीत आहे. दीड वर्षाने त्या गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. २००९ मध्ये ह्यांनी काही कॅसेटी एका दुकानात देऊन तीन डीव्हीडी करून घेतल्या. ओव्या तिसऱ्या डीव्हीडीच्या शेवटी होत्या. पहिली ओवी जेमतेम ऐकू यायची आणि चित्र चौकोनाचौकोनांनी फुटून तिथेच थिजायचं. आमचा प्लेयर जुना झाला असेल असं समजून आम्ही गप्प बसलो. त्याची चुटपुट मला अजून आहे.

मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी घरात माझ्या खांद्यापर्यंत होतं. फोटोंचे अल्बम गेले, लग्नाची पत्रिका गेली. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही त्या दिवशी पाणी शिरलं, मग घराघरांतल्या कागदांचं काय सांगावं. खालच्या कपाटातल्या तिन्ही डीव्हीडी चिखलात सापडल्या. साध्या पाण्याने धुतल्यावर दोन लागल्या. तिसरीवर दुकानदाराने कागदी लेबल चिकटवलं होतं, ते फुगलं होतं, ती लागलीच नाही. माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात कॅमेरा आणि चौदा कॅसेटी मात्र कोरड्या होत्या. हे तोवर गेले होते. गणपतीला पुतण्या आला तेव्हा आपला जुना संगणक माझ्यासाठी ठेवून गेला, आणि मी कामाला लागले.

तिसरी डीव्हीडी का बिघडली ते मला आधी समजून घ्यायचं होतं. डबीवर तीन तास दहा मिनिटं असं लिहिलेलं होतं. आता हिशेब पाहा. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या, म्हणून संगणकात तीच ४.३८ दिसते. डीव्हीडीच्या नियमाने चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत जागा देता येते. एका तबकडीत तीन तास दहा मिनिटं कोंबली की आवाज धरून सेकंदाच्या वाट्याला येतात सुमारे ३.३ मेगाबिट. हातात धरून घेतलेल्या, हलत्या चित्रणाला तेवढ्यात भागत नाही, चौकोन उमटतात. शिवाय तबकडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग अगदी कडेला येतो. भरधाव वेगाने लिहिलं तर चुका बहुधा तिथेच होतात, बोटांचे ठसे आणि ओरखडेही तिथेच पडतात. त्यात कागदी लेबलाने तबकडीचा तोल जातो. सासूबाईंच्या ओव्या नेमक्या त्या कडेवर होत्या.

मी आता एका डीव्हीडीवर ७५ मिनिटांच्या वर काही ठेवत नाही. चित्राला सेकंदाला ७ मेगाबिट देते आणि आवाज ४८ किलोहर्ट्झचा ठेवते. एवढ्यात सगळं बसतं आणि कडेची पट्टी कोरी राहते. जास्त असेल तर दुसरी डीव्हीडी करावी. एकीवर सगळं हवं हा हट्ट सोडावा.

कॅसेट संगणकात घ्यायला फायरवायरची, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्रण जसंच्या तसं संगणकात आणणाऱ्या जोडणीची, वायर लागते. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांना यूएसबीही असतं, पण त्यातून फोटो नाहीतर हलक्या प्रतीचं चित्र येतं. पुतण्याच्या संगणकात फायरवायरचं कार्ड होतं हे माझं नशीब, नव्या लॅपटॉपला ते नसतंच. तासाभराच्या कॅसेटीला १३ जीबी जागा जाते. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेत होते आणि वीस मिनिटं होत आली की काम बंद पडायचं. पाच वेळा. कॅमेरा तापतोय म्हणून मी पंखा लावला! खरं कारण असं की ती डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतल्यावर पूर्ण कॅसेट एका दमात उतरली. ह्यांनी दोन कॅसेटी एलपीवर, म्हणजे साठ मिनिटांच्या जागी नव्वद भरवून, घेतल्या होत्या. असल्या कॅसेटी दुसऱ्या कॅमेऱ्यावर बहुधा नीट लागत नाहीत, म्हणून ज्या कॅमेऱ्यावर घेतल्या तो जपून ठेवायला हवा.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, बुरशी. माझ्या दोन कॅसेटींच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. त्या मी कॅमेऱ्यात घातल्याच नाहीत, कारण बुरशी हेडला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्यात, जाणकार मिळेपर्यंत. बाकीच्या प्रत्येक कॅसेटीला आधी शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे नेलं, मगच लावलं. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप त्याने मोकळी होते.

आता कापण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. दुकानातल्या प्रतीत पहिल्या ओवीचं पहिलं अक्षर नव्हतं. सासूबाई 'पहिली माझी' म्हणून उचलायच्या आणि ऐकू यायचं 'हिली माझी'. डीव्हीडीसाठी चित्र एमपेग-२ मध्ये दाबून ठेवतात. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. दहा-पंधरा चित्रांच्या गटात पहिलं पूर्ण आणि पुढच्यांत नुसते बदल नोंदलेले असतात. पुन्हा न दाबता गटाच्या मधून कापायला गेलं तर सॉफ्टवेअर सरकून जवळच्या पूर्ण चित्रावर कापतं, नाहीतर सुरुवातीला चित्र फुटतं. अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, आणि अर्ध्या सेकंदात ओवीचं अक्षर जातं. मिनीडीव्हीच्या मूळ फाइलमध्ये मात्र प्रत्येक चित्र आपलं आपण पूर्ण असतं, सेकंदाला पंचवीस, त्यामुळे हवं तिथे नेमकं कापता येतं. म्हणून कटिंग मूळ फाइलच्या प्रतीवर करावं आणि एमपेग-२ एकदाच, सगळ्यात शेवटी करावं. मोबाइलच्या चित्रणात तर पूर्ण चित्र कधी कधी दोन-दोन सेकंदांनी येतं. तिथे मी दोन्ही बाजूंना चांगले तीन सेकंद जास्त ठेवते.

काय कापायचं हा प्रश्न तंत्रापेक्षा अवघड आहे. कॅमेरा चालू राहून अकरा मिनिटं नुसती जमीन दिसते, ती मी कापली. पण ओव्यांच्या आधी सासूबाई पदर सावरतात, घसा खाकरतात आणि ह्यांना विचारतात, "चालू झालं का रे?" मग थोडा वेळ फक्त जात्याची घरघर. दुकानदाराने हे बिनकामाचं समजून काढून टाकलं होतं. त्याच्या जागी मीही परकी असते तर कदाचित तेच केलं असतं. म्हणून कटिंग घरच्या माणसाने करावं, निदान समोर बसून करून घ्यावं.

पुतण्याने २०१९ च्या शिमग्याचं मोबाइलवरचं चित्रण दिलं, तेही मला त्याच डीव्हीडीवर हवं होतं. त्यात ढोल आधी वाजायचा आणि टिपरी नंतर पडायची, आणि शेवटाकडे अंतर वाढत जायचं. मोबाइल उजेडाप्रमाणे सेकंदाला कधी तीस, कधी चोवीस अशी चित्रं घेतो. आपल्याकडची डीव्हीडी टीव्हीच्या पाल पद्धतीची, ७२० बाय ५७६, सेकंदाला पंचवीसच. चित्रण आधी एकसारखं पंचवीसवर आणून घेतलं आणि मग कापलं, तेव्हा ढोल आणि टिपरी जुळले. कोणाला अमेरिकेत पाठवायची असेल तर तिकडे एनटीएससी असते, ७२० बाय ४८०, वेगळी डीव्हीडी करावी लागते.

पालखीने आणखी एक चूक दाखवली. माणसं उभी असताना चित्र चांगलं होतं, पालखी नाचायला लागली की थरथरायची, जणू दोन पावलं पुढे आणि एक मागे. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलं जातं, एकाआड एक ओळींनी. डीव्ही कॅमेरा खालचं अर्धं आधी धरतो आणि मी सॉफ्टवेअरमध्ये वरचं आधी असं ठेवलं होतं. संगणकाच्या पडद्यावर हे मला कळलंच नव्हतं, टीव्हीवर कळलं. तेव्हापासून पहिली प्रत मी पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर करते आणि टीव्हीवर शेवटच्या मिनिटापर्यंत बघते.

डीव्हीडीची मांडणी मी डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करते. थेट तबकडीवर लिहीत नाही. आधी हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल, तयार करते, ती संगणकातच लावून बघते आणि मग इमगबर्न या सॉफ्टवेअरने चौपट किंवा आठपट वेगाने लिहिते, सोळापटीने नाही. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय असतो, तो कधीही गाळत नाही. त्या वेळात संगणकावर दुसरं काही उघडत नाही. पावसाळ्यात वीज जाऊन माझ्या तीन तबकड्या फुकट गेल्या, म्हणून यूपीएस घेतला. नाव लिहायचं तर डीव्हीडीसाठीच्या मऊ पेनाने, मधल्या पारदर्शक कड्यावर.

आजच्या काळात डीव्हीडी कशाला, असं पुतण्याच मला म्हणाला. आमच्या मोठ्या जाऊबाई गुहागर तालुक्यात एका वाडीत राहतात. तिथे मोबाइलला रेंज धड नाही, पण त्यांच्याकडे टीव्ही आहे आणि डीव्हीडी प्लेयर आहे. तबकडी घालून एक बटण दाबणं त्यांना जमतं. पेन ड्राइव्हवर दुसरं काही भरताना जुनं चुकून पुसलं जाऊ शकतं, एकदा लिहिलेली डीव्हीडी तशी पुसली जात नाही. ती अमर आहे असं मी म्हणत नाही. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक पुण्याला पुतण्याकडे, जिथे वाशिष्ठी पोचत नाही. गेल्या गौरींना जाऊबाईंनी ओव्या लावल्या आणि मला शेजाऱ्यांच्या फोनवरून, टेकडीवर चढून, कळवलं की आईंच्या सगळ्या ओव्या लागल्या, नऊच्या नऊ.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली हे काम करणाऱ्या दुकानदारांना. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काही कापू नका. न कापलेली मूळ फाइल त्याच्या हार्ड डिस्कवर द्या, कॅसेट परत करा आणि तबकडी शेवटपर्यंत लावून बघून मग हातात द्या. त्यासाठी दोन पैसे जास्त मागितलेत तर लोक देतील.

दुसरी तालुक्यातालुक्यांतल्या वाचनालयांना. सिनेमांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. घराघरांतल्या मुंजी, नमन-खेळे, ओव्या यांच्या चित्रणांसाठी असं काही माझ्या माहितीत नाही. व्हीसीआर, म्हणजे व्हीएचएस कॅसेटी लावायचं यंत्र, बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे नवं यंत्र आता मिळायचं नाही. वाचनालयाने एक चालू व्हीसीआर, एक मिनीडीव्ही कॅमेरा आणि फायरवायरचा जुना संगणक एवढं एका टेबलावर मांडावं आणि आठवड्यातून एक दुपार ते लोकांना वापरू द्यावं. ज्यांच्या माळ्यावर व्हीसीआर पडून आहे त्यांनी तो भंगारात न देता तिथे द्यावा. आमच्या गावात असं टेबल मांडलं तर ती दुपार मी तिथे बसेन, येईल त्याला शिकवेन.

माझ्याकडे व्हीसीआर नाही, त्यामुळे भंगारातून आणलेलं खोकं मी अजून लावून पाहिलेलं नाही. आत अठरा कॅसेटी आहेत. सातांवर काहीच लिहिलेलं नाही. मुंजीच्या कॅसेटीच्या कव्हरात एक अक्षतांची पुडी निघाली, ती तशीच ठेवली आहे. चिपळुणात ज्यांच्या घरी १९९८ च्या वैशाखात मुंज झाली असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे चौकशी करावी. माझा पत्ता मी या पत्रासोबत वेगळा दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
चिपळूण