पहिल्या सत्राचे ओझे

भाच्याच्या वसतिगृहावर गेलो होतो. नामवंत अभियांत्रिकी संस्था. बारावीपर्यंत कधी दुसरा नंबर न पाहिलेल्या पोराला पहिल्याच चाचणीत तीसपैकी सात. ‘आईला सांगू नकोस, मामा,’ एवढेच म्हणाला. जिन्याजवळ समुपदेशन केंद्राचे पोस्टर होते. वेळ दहा ते पाच, म्हणजे नेमकी तासांची आणि प्रॅक्टिकलची!

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कृती दल नेमले, हे योग्यच झाले. पण सापेक्ष श्रेणी पद्धतीला हात कोण लावणार? तिथे श्रेणी ठरते ती वर्गातल्या इतरांच्या तुलनेत. सगळेच हुशार, तरी कुणीतरी तळाला जाणारच. पुढे याच श्रेणींची सरासरी, म्हणजे सीजीपीए, प्लेसमेंटच्या कटऑफला आडवी येते.

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला, तर बाहेर दाखवायच्या गुणपत्रिकेवर त्याची नोंदच येत नाही. म्हणून तिथल्या पदवीची किंमत कमी झालेली नाही. आपल्याकडे निदान पहिले सत्र तरी असे मोकळे सोडायला काय हरकत आहे?

– एक वाचक