सायलेन्सरमधली लाल राख

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, आठवड्यातून दोन-तीनदा परभणीला जाणं होतं आणि ते मोटरसायकलवरच. गाडी 125 सीसीची, 2014 ची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग). दिवाळीनंतर ती झटके मारायला लागली, गरम झाली की जास्तच, चढावर तर दमच धरीना. एक दिवस सकाळी गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं सोडून विटकरी लाल झालं, बारीक पावडर, कुंकवाच्या करंड्यात बोट घातल्यासारखं. इतकी वर्षं गाडी चालवतोय पण असं कधी बघितलं नव्हतं.

एका गॅरेजवर नेली. तिथं किक मारून आवाज ऐकला आणि सांगितलं की पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागंल, साडेआठ हजार लागतील. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला नाही की सायलेन्सरमधे डोकावून बघितलं नाही. मी लाल बोट दाखवलं तर म्हणे ते इथेनॉलचं आहे, आता सगळ्यांच्याच गाड्यांचं असं होणार. मलाही ते खरंच वाटलं कारण 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल गावात रोज काही ना काही कानावर येतंच.

नशीब की इंजिन खोलायच्या आधी मी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडं गेलो, सगळे त्यांना चाचा म्हणतात, राजदूत आणि यामाहा आरएक्स शंभरच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. त्यांनी आधी प्लग काढला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पण तोच लाल थर! चाचा म्हणाले, "गुरुजी, सायलेन्सर गंजतो, चिनीमाती कुठं गंजते का? हे पेट्रोलबरोबरच आत आलंय."

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितोय. कारण सायलेन्सरमधला लाल रंग बहुतेक वेळा साधा गंजच असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, गाडी नुसती दूध घालायला आणि दुकानापर्यंतच फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा गंजतो. पण त्या गंजाच्या खपल्या निघतात आणि तो सायलेन्सरमधेच असतो, प्लगवर जात नाही. दोन्हीकडं एकच रंग असेल तर मूळ वरच्या बाजूला शोधायचं, टाकीत नाहीतर टाकीत जे ओतलं त्यात.

मग टाकीचा गंज उतरलाय का म्हणून चाचांनी कार्बोरेटरची खालची वाटी खोलली, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीत गंज होऊ शकतो हे खरंच आहे, पण तो गंज वाटीच्या बुडाला गाळासारखा बसलेला दिसतो. वाटी स्वच्छ होती. आणि इथेनॉल स्वतः लाल थर देऊच शकत नाही, त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून काही नाही, धातू नाही. हे मी नववी-दहावीच्या पोरांना शिकवतो आणि माझ्याच गाडीच्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही याचं मला वाईट वाटलं.

चुलीचं उदाहरण घ्या. पऱ्हाट्या नीट पेटल्या नाहीत तर भांड्याला काजळी धरते आणि नीट जळाल्या तरी खाली राख उरतेच. इंजिनचं पण तसंच. कोरडी मऊ काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, चोक अडकलाय, नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय, आणि आपल्या काळ्या रानातल्या रस्त्यांची धूळ बघता फिल्टर तुंबायला किती वेळ लागतो. काळं पण ओलं, तेलकट आणि वर निळा धूर असेल तर मात्र ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बघायचे. प्लगवर पांढुरकी-राखाडी राख साचली तर तेही बहुतेक ऑइलचंच, कारण ऑइलमधे कॅल्शियम, झिंक असं घातलेलं असतं, ऑइल जळून जातं पण त्या धातूंची राख मागं राहते. चाचा सांगत होते की पूर्वी शिसंवालं पेट्रोल होतं तेव्हा चांगल्या गाडीचा सायलेन्सर आतून राखाडी दिसायचा, 2000 साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि तो रंग गेला.

म्हणजे रंगीत राख दिसली की धातू कुठून आला हे विचारायचं. चाचांनी सरळ विचारलं, "टाकीत काय टाकताय?" तेव्हा मला आठवलं. सप्टेंबरपासून मी दर टाकीला एक छोटी बाटली ओतत होतो, दुकानदारानं दिलेली, अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणून. बाटलीवर आत काय आहे ते कुठंच छापलेलं नाही. पेट्रोलचा ऑक्टेन (म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण) वाढवायला फेरोसीन नावाचं लोखंडाचं संयुग वापरतात, ते जळलं की आयर्न ऑक्साइड होतं, म्हणजे गंजाचाच भाऊ. मँगनीजवाला पण एक प्रकार असतो, त्याचा थरही लालसरच. माझ्या बाटलीत असलंच काहीतरी असणार. आणि प्लगवर बसलेला हा थर गरम झाला की त्यातून करंट गळतो, ठिणगी नीट पडत नाही, म्हणून गाडी तापल्यावर झटके मारायची.

बाटली बंद केली, नवीन प्लग टाकला, बस. रिंगांना हात लावला नाही. तीन टाक्या पेट्रोल जाळून प्लग परत काढला तर मस्त चॉकलेटी, जसा पाहिजे तसा, आणि सायलेन्सरचं तोंड पण आता काळसरच आहे.

माझी गाडी जुनी म्हणून प्लगवर भागलं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) गाड्यांच्या सायलेन्सरमधे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्यावर ही राख बसली तर ती प्लगसारखी शंभर-दोनशे रुपयांत सुटत नाही. आमच्याच गावात मी सोडून अजून तिघं ही बाटली ओततात, त्यातल्या दोघांच्या गाड्या नव्या आहेत, हप्ते चालू आहेत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, अशा बाटल्यांवर आत काय घातलंय हे मराठीत छापल्याशिवाय त्या विकू देऊ नयेत, संबंधित खात्यानं यात लक्ष घालावं आणि आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा. आणि दुसरी आमच्या मेकॅनिक भावांना, इंजिन खोलायचं सांगायच्या आधी प्लग काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, पाच मिनिटांचं काम आहे. पेट्रोलमधेच भेसळ असेल अशी शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. तेही लोकांना सांगत जा.

माझा तो लाल प्लग मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय, शेजारी चॉकलेटी प्लग आणि चाचांनी दिलेला एक तेलकट काळा. पोरं हातात घेऊन बघतात, त्यातले निम्मे पुढं आयटीआयलाच जाणार आहेत.

आपला,
एक शिक्षक वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी