व्हिटीसाहेब, तुमचे उघडे हात

लेकर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे ट्रेनर गॅरी व्हिटी यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, तरी लिहिते. गेल्या महिन्यात माझा दादा हृदयविकारानं गेला, आणि तुमचे आभार मानायचे राहिलेच आहेत.

दादा कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. मॅजिक जॉन्सन त्याचं दैवत. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेच्या १९८० च्या अंतिम फेरीत लेकर्सचा उंच सेंटर करीम अब्दुल-जब्बार जखमी असताना हा २० वर्षांचा नवखा पोरगा त्याच्या जागी उभा राहिला आणि ४२ गुण करून लेकर्सना अजिंक्यपद मिळवून दिलं, हे दादा जेवता जेवताही सांगायचा.

१९९८ साली दादाचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. एका दवाखान्यात त्याचं ताट पायानं पुढं सरकवलं गेलं. ज्याच्याकडे तो लहानपणापासून जायचा त्या न्हाव्यानं, आत दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, "दुकान बंद आहे" म्हणून परत पाठवलं. शिकलेसवरलेले नातेवाईक तर फिरकलेही नाहीत. आणि मी? मीही त्याचं ताट उंबऱ्याबाहेरच ठेवत होते.

एका रात्री त्यानं खोलीतूनच मला तुमची गोष्ट सांगितली. जॉन्सननं ७ नोव्हेंबर १९९१ ला आपल्याला एचआयव्ही असल्याचं जगापुढं सांगून टाकलं होतं आणि निवृत्ती घेतली होती. त्यानंतर निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात २५ गुण करून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकला, पुन्हा लेकर्सकडून खेळायला आला, तरी सोबतचे काही खेळाडू धास्तावलेलेच. ३० ऑक्टोबर १९९२ ला चॅपल हिलमध्ये हंगामाआधीच्या सामन्यात त्याच्या हाताला ओरखडा आला. तुम्ही लेकर्सचे ट्रेनर, खेळाडूंच्या दुखापती बघणारे. हातमोजे तुमच्याजवळ होते. पण अशानं लागण होत नाही, हे खेळाडूंना तुम्हीच सांगत आला होता. सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर, आणि तुम्ही हातमोजे न घालता तो ओरखडा पुसून पट्टी बांधलीत.

"उघड्या हातानं गं," दादा म्हणाला. पुढं काही बोलला नाही.

तीन दिवसांनी जॉन्सननं पुन्हा निवृत्ती घेतली. १९९६ मध्ये तो परतला, २००२ मध्ये बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. मला मात्र तुमची ती पट्टीच आठवते. (आता दवाखान्यात सगळ्यांसाठीच हातमोजे घालतात, ते योग्यच आहे. एकट्यासाठी घातलेले लागतात मनाला.)

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन दादाच्या खोलीत गेले. केस मानेवर आले होते, ते वेडेवाकडे कापले. मग खोबरेल तेल कोमट करून आणलं. बोटं टाळूला लागली तसे त्याचे खांदे आधी आखडले, मग हळूहळू सैल पडले. "जरा जोरात चोळ," म्हणाला.

२००४ पासून सरकारी औषधं मोफत मिळू लागली आणि दादा सावरला. गल्लीतल्या पोरांना शिकवायला मैदानावर जाऊ लागला. दर रविवारी तेल मात्र माझ्याच हातचं. माणुसकी याहून निराळी काय असते, मला तरी माहीत नाही.

गेल्या महिन्यात त्याला शेवटची आंघोळ घालताना त्यानं शिकवलेली चार पोरं पुढं आली. सगळ्यांना त्याचा आजार ठाऊक होता. बाह्या सारल्या आणि पाणी घेतलं.

तुमची ऋणी,
एक बहीण