आधी मीटर हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आठवीतल्या आमच्या विद्यार्थिनीचा रोबो काळ्या पट्टीवरून न थांबता पूर्ण फेरी मारायला लागला, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पत्र मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. ती जिथे अडली तिथेच पहिला रोबो करणारी बहुतेक मुलं अडतात, आणि तुम्ही दाखवलेली वाट त्यांनाही उपयोगी पडेल.

सामान नेहमीचंच होतं: आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने मोटरींना बॅटरीची वीज देणारा), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर लावलेल्या छोट्या मोटरी), एक कॅस्टर (मोकळं फिरणारं आधाराचं चाक), पट्टी ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ड्रायव्हर आणि बोर्ड दोन्ही त्याच बॅटरीवर. स्विच दाबला की चाकं एक झटका द्यायची, बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लागायचा, पुन्हा झटका. ती प्रोग्राममधली चूक शोधत होती. तुम्ही प्रोग्राम उघडलाच नाहीत. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून तिच्या हातात दिलात, प्रोब बॅटरीच्या टोकांना लावायला सांगितलेत आणि एक मोटर ड्रायव्हरवर सतत चालू ठेवलीत. मोटर बंद असताना ८.९. चाक फिरताना ७.६. मग चाक बोटाने धरायला सांगितलेत आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत ५.३ वर घसरला.

त्या एका आकड्यात सगळं आलं. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे ती प्रवाह कमी ओढते. चाक धरलं, किंवा मोटर नुकतीच सुरू होत असली, की ते उलट व्होल्टेज नसतं. प्रवाहाला अडवायला तारेच्या गुंडाळीचा काही ओहमचा रोध तेवढा उरतो. अशा वेळी एकेक मोटर अँपिअरच्या आसपास ओढू शकते. या छोट्या बॅटरीच्या पोटातच एक-दोन ओहमचा रोध असतो, जुनी झाली की अजून जास्त, आणि त्यात तीन-चार व्होल्ट सहज खर्ची पडतात. उनोच्या रेग्युलेटरला (बॅटरीच्या व्होल्टेजवरून बोर्डाला स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या भागाला) तर निदान ७ व्होल्ट लागतात. मग चक्रच सुरू होतं: मोटर सुरू, व्होल्टेज खाली, बोर्ड रीसेट, मोटर बंद, व्होल्टेज वर, पुन्हा मोटर सुरू. प्रोग्राम बिचारा पहिल्यापासून बरोबर होता.

त्यावरचा उपायही तुम्ही हिशेब मांडून काढायला लावलात. १.२ व्होल्टचे सहा रिचार्जेबल सेल एकापुढे एक, म्हणजे ७.२ व्होल्ट. एल२९८एन जुन्या धाटणीचा आहे, तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. मोटरीला पाचच्या आसपास मिळतात आणि ३ ते ६ व्होल्टच्या बीओ मोटरीला ते पुरेसे आहेत. सोबत बॅटरीच्या धन आणि ऋण तारांच्या मध्ये ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग), पट्टी छापलेला पाय ऋण टोकाला. तो उलटा बसला तर फुगतो, फुटतोही, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते फार बरं झालं. मोटरीच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटरही डागून घेतलात. मोटरीतल्या ब्रशच्या ठिणग्यांनी सेन्सरचे आकडे विनाकारण उड्या मारायचे, ते त्याने थांबलं.

एलईडीचा हिशेब आमच्या मते प्रत्येक मुलाने एकदा हाताने करायलाच हवा. बोर्डाची पिन ५ व्होल्टची, लाल एलईडीवर साधारण २ जातात, उरले ३. २२० ओहममधून त्याचे १३ ते १४ मिलिअँपिअर होतात. उनोच्या पिनला २० पर्यंत चालतं, ४० ही शेवटची मर्यादा. रेझिस्टर का लावायचा, हे तिला आता पाठ करावं लागत नाही.

नंतर बोर्डाला आणि ड्रायव्हरला वेगळ्या बॅटरी देऊन पाहिल्या तेव्हा दोघांचं ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडायचं राहिलं आणि मोटरी मनाला येईल तशा वागू लागल्या. तुम्ही एवढंच विचारलंत, "पिनवर ५ व्होल्ट आहेत, पण कशाच्या मानाने?" बोर्डाचं आणि ड्रायव्हरचं ग्राउंड एका तारेने जोडलं, प्रश्न मिटला.

सेन्सरवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि तो द्यायलाच हवा होता. मॉड्यूल जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर लावलं होतं. त्यातला टीसीआरटी५००० हा सेन्सर सगळ्यात चांगलं पाहतो ते अडीच मिलिमीटरच्या आसपास. पुठ्ठ्याचे तुकडे सारून तुम्ही ते चार-पाच मिलिमीटरवर आणलंत; त्याहून खाली गेलं तर पट्टीच्या उचललेल्या कडेला अडकतं. मग सीरियल मॉनिटरवर (बोर्डाकडून आलेले आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) सेन्सरचे आकडे वाचून घेतलेत: पांढऱ्या कागदावर ९०, काळ्या पट्टीवर ७८०, पांढरं की काळं ते ठरवणारा मधला उंबरठा ४३५. खिडकीजवळ हेच आकडे बदलले, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतो. सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावल्यावर ते पुष्कळ सावरले. चकचकीत चिकटपट्टी तर काही कोनांतून पांढऱ्यासारखीच दिसते, म्हणून पट्टी मॅट घ्यायची. डोळ्याला काळं ते सेन्सरला काळं असेलच असं नाही, हे तिला त्या दुपारी आकड्यांतून कळलं.

वेगाच्या बाबतीत पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवण्याची पद्धत, आकडा ० ते २५५) २०० वर रोबो वळणावर पट्टी सोडायचा, १३० वर नीट चालायचा. ८० च्या खाली मोटर नुसती गुणगुणायची. सुरुवातीचं घर्षण तोडायलाच ताकद पुरत नाही आणि मोटर उगाच तापते, म्हणून खालची मर्यादा प्रोग्राममध्येच घालून घेतलीत. ड्रायव्हरच्या ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) काढल्याशिवाय वेग बदलतच नाही, हेही बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पुढे तिला सर्वो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लावायचा आहे. उनोवर सर्वो लायब्ररी घेतली की ९ आणि १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम जातं, म्हणून ईएनए आणि ईएनबी आत्ताच ५ आणि ६ वर घ्यायला लावल्याबद्दल वेगळे आभार.

या सगळ्यात सोल्डरिंगची गन सोडली तर तिच्या हातातली एकही वस्तू तुम्ही स्वतःकडे घेतली नाहीत. तीही एकाच सांध्यापुरती: आधी तार आणि पत्रा दोन्ही तापवायचे, मग सोल्डर सांध्याला लावायचं, गनच्या टोकाला नाही. पुढचे अकरा सांधे तिचे आहेत. त्यातले दोन मळकट आणि गोळ्यासारखे झाले होते, ते तिने स्वतः ओळखून पुन्हा केले.

तुमचा मीटर सोबत पाठवत आहोत. मोटरीचा प्रवाह मोजताना लाल प्रोब मिलिअँपिअरच्या खाचेत होता आणि चाक धरताच आतला फ्यूज गेला होता, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिने मीटर उघडून २५० मिलिअँपिअरचा, त्याच जातीचा फ्यूज बसवला आहे आणि कंटिन्युइटीवर (मीटरच्या, जोड अखंड आहे का ते पाहण्याच्या सोयीवर) तपासून पाहिला आहे. दहा अँपिअरच्या खाचेला या मीटरमध्ये फ्यूजच नाही, हेही तिला उघडल्यावर दिसलं. म्हणून त्या खाचेशेजारी तिच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "प्रोब बॅटरीला थेट लावू नये." ती राहू द्यावी, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
विज्ञान मंडळाचे शिक्षक