तुम्ही पाठ फिरवलीत, म्हणून आभार

काका,

‘सा. न. वि. वि.’ लिहायला पेन उचललं आणि लक्षात आलं, तुमचं नाव मला धड माहीतच नाही. मोबाईलमध्ये तुम्ही ‘राऊटर काका टेलिफोनवाले’ आहात. समोर येऊन आभार मानले असते, पण तुम्ही ‘हॅ, त्यात काय वं’ म्हणून हात झटकला असता आणि विषय पावसावर नेला असता. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही वाचाल न वाचाल, तुमच्या सूनबाई नक्की वाचून दाखवतील.

मी इचलकरंजीत जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. लोक वकीलबाई म्हणतात. मी वकील नाही, पण दुरुस्त करत बसायचं कधीच सोडून दिलंय. ऑफिस म्हणजे दीड खोली, पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, जिन्यावर एक कॅमेरा आणि खाली यंत्रमाग. मागांच्या खडखडाटाची इतकी सवय झालीय की ते थांबले की आम्ही दचकतो. माग थांबले म्हणजे वीज गेली, वीज गेली म्हणजे नेट गेलं. आमच्या धंद्यात महिन्याला दोनच तारखा, ११ आणि २०. अकराला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, विसाला ३बी म्हणजे कर भरायचं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ते ५० रुपये कुणाच्या खिशातून जायचे यावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात.

तुमच्या आधी जे गृहस्थ माझं नेटवर्क ‘सांभाळत’ होते त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी चार वर्षांपूर्वी मला आठ शिंगांचा एक काळा वायफाय राऊटर विकला. कपाटावर तो उलटा पडलेल्या कोळ्यासारखा दिसायचा. किंमत अशी की मी घरी निम्मीच सांगितली. माझे पाचही कॉम्प्युटर वायरीवर चालतात, त्या शिंगांचा उपयोग फक्त पोरांच्या मोबाईलला. हे मला तेव्हा कळलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा एका कॉम्प्युटरवर, बाकीचे चार तिथूनच काम करणार, आणि पाचांच्याही वायरी जेमतेम त्याच कोळ्यात कोंबलेल्या. तो तापून बंद पडला की नेट जायचंच, वर टॅलीही जायचं आणि प्रिंटरही. फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘रीस्टार्ट करून बघा.’ एकदा मी विचारलं, सेटिंग उघडायचा पासवर्ड मला देता का? ते हसले. ‘मॅडम, पासवर्ड आमच्याकडंच राहतो. तुम्ही काहीतरी दाबून बसाल.’

आणि मी गप्प बसले. काका, हे लिहिताना अजून कानाची पाळी गरम होते. माझंच ऑफिस, पैसे मी मोजलेले, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मग ती दहा तारीख. संध्याकाळी सात वाजता कोळी मेला तो मेलाच. गृहस्थांचा फोन वाजत राहिला. दुसऱ्या एकाला विनवलं तर ‘उद्या दुपारनंतर बघतो, व्हिजिटचे हजार’. ती रात्र मी आणि ऑफिसातल्या माझ्या दोन मुलींनी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढली. टॅलीच्या मेन कॉम्प्युटरवर एकेकीने पाळीपाळीने बसायचं, बाकीच्या दोघींनी चहा करायचा.

पुण्यात माझा भाचा आहे. त्याने बाल्कनीत जुने कॉम्प्युटर रचून घरगुती लॅब मांडलीय आणि बायकोची बोलणी खातो. त्याने फोनवर सांगितलं, ‘आत्या, छोटा वायरवाला राऊटर घे, वायफायचा नको. मायक्रोटिकचा हेक्स माग.’ मी चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि अकराची धावपळ संपल्यावर जिन्याखालच्या तुमच्या दुकानात आले. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, ‘ताई, रात्री नऊला बंद पडलं तर बघणार कोण?’

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आधीच्यांचे प्रश्न ‘बजेट किती’ पासून सुरू व्हायचे.

तुम्ही काउंटरवर दोन डब्या ठेवल्यात. एक टीपी-लिंकचा ईआर६०५, एक हेक्स. दोन्हीला वायरी लावायची पाच पाच भोकं, दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएस वेगाचे, शिंग एकालाही नाही. तुम्ही म्हणालात, पहिला सोपा, पडदा उघडला की वाचता येतो. दुसरा लॅटव्हियातल्या रीगाच्या कंपनीचा, सांगाल ते करतो, ‘पण त्याची भाषा शिकावी लागतीय, आणि शिकला न्हाई तर गप बसतोय.’ मी तर पहिल्यावर बोट ठेवलं होतं. मग तुम्ही विजेचं विचारलंत. मागांचं ऐकल्यावर तुम्ही हेक्सची डबी माझ्याकडे सरकवलीत. याला ८ व्होल्टपासून ३० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, खातो बल्बाएवढंही नाही, तेव्हा फायबरच्या मशीनला लावतो तसला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस यालाही पुरेल. आणि भाषेचं काय? ‘ती मी बोलतो एकदा. तुम्हाला रोज बोलायची गरजच पडू नये, असं करून देतो.’

साबणाच्या डबीएवढी ती वस्तू. आधीच्या कोळ्याच्या निम्म्यापेक्षा कमी पैसे.

नंतरच्या दोन दिवसांत तुम्ही काय काय केलंत ते मला सगळं कळलेलं नाही, आणि जे कळलं ते लिहीत बसले तर पत्राचं मॅन्युअल होईल. तीन गोष्टी मात्र सांगतेच, कारण त्या ऐकल्यावर पक्षकारही चाट पडले.

एक, वायर. माझा २०० एमबीपीएसचा प्लॅन, पण माझ्या कॉम्प्युटरवर मोजलं की कधी ९४च्या वर जायचा नाही. कंपनीशी भांडून भांडून थकले होते. तुम्ही भिंतीतला डबा उघडलात, टॉर्च मारलीत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. एकाच वायरीतल्या दोन जोड्या माझ्या कॉम्प्युटरला आणि उरलेल्या दोन प्रिंटरला दिलेल्या होत्या. दुसऱ्या वायरीचे पैसे वाचवलेले, आणि बिलात मात्र दोन वायरी! गिगाबिटला आठच्या आठ तारा लागतात, चारांवर शंभरचीच धाव, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. मग चष्मा कपाळावर चढवून टोक कापलंत, तारा नखाने सरळ केल्यात आणि पाढा म्हटल्यासारखं पुटपुटत लावत गेलात, ‘पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.’ पक्कड कट्कन वाजली. तुमच्या लॅपटॉपवर १०० चे १००० झाले. प्रिंटरला नवी वायर ओढलीत ती वेगळी.

दोन, कॅमेरा. घरून जिन्यावरचा कॅमेरा दिसावा म्हणून आधीच्या गृहस्थांनी माझ्याकडून तीनदा ‘पोर्ट उघडण्याचे’, म्हणजे बाहेरून आत यायची वाट करून देण्याचे, पैसे घेतले होते. दिसला एकदाही नाही. तुम्ही आमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता बघितलात, तो १००.७० असा काहीतरी सुरू होत होता, आणि हसलात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपन्या बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून वापरतात, २०१२ पासून ते त्यासाठीच राखून ठेवलेत. ‘चाळीतला सामायिक नळ हाय ह्यो ताई. तुमच्या घरात किती बी तोट्या बसवा, भाईरनं कोण तुमच्या तोटीला कसं येणार?’ स्वतंत्र पत्ता महिन्याचे पैसे भरून मिळतो म्हणालात, आणि लगेच विचारलंत की घरून कॅमेरा बघायची खरंच गरज आहे का. नव्हती. तिथे तुम्ही काहीतरी विकू शकला असता, काका.

तीन, स्विच. पाचही कॉम्प्युटर आणि प्रिंटर आठ भोकांच्या साध्या स्विचवर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डबीवर, आणि तिथून एकच वायर राऊटरला. ‘आतलं आत ऱ्हाऊ दे, भाईरचं भाईर.’ आता नेट गेलं तरी टॅली चालतं, बिलं छापली जातात.

पण हे पत्र यातल्या एकाही गोष्टीसाठी नाही.

सगळं जोडून झाल्यावर तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे वळवलात. म्हणालात, खोक्यावरचा पासवर्ड आपला नसतो. २०१८ साली याच मायक्रोटिक कंपनीच्या लाखाहून जास्त राऊटरमध्ये चोर शिरले होते, आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती त्याआधीच आलेली होती. लोकांनी ती टाकलीच नाही. ती तुम्ही टाकून ठेवली होती, बाहेरून आत येण्याचं दारही लावून घेतलं होतं. ‘आता तुमचा पासवर्ड टाका,’ म्हणालात.

आणि उठलात. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन उभे राहिलात, माझ्याकडे पूर्ण पाठ करून.

मला पटकन सुचेना. टाइप केलं, खालच्या रकान्यात परत टाइप केलं, दोन्ही जुळले नाहीत. तुम्ही एकादशी कधी ते मोठ्याने वाचलंत. मी पुन्हा टाइप केलं. तुम्ही संकष्टी वाचलीत, चंद्रोदयाची वेळ वाचलीत. पुन्हा जुळलं नाही, कारण माझे हात थरथरत होते, का ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही पान उलटून मागची पाककृती सुरू केलीत, ‘दुधी किसून घ्यावा, पाणी पिळून बाजूला ठेवावे...’ मोठ्याने वाचत होतात ते, तुमचं लक्ष तिकडेच आहे हे मला ऐकू यावं म्हणून. एवढं न कळण्याइतकी मी भोळी नाही. माझी एक मुलगी खुदकन हसली, मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. शेवटी पासवर्ड जुळला. तुम्ही मान न वळवता विचारलंत, ‘झालं?’ मी हो म्हटल्यावरच वळलात.

‘कागदावर लिवून तिजोरीत ठेवा. माझ्याकडं नको. मी आज हाय, उद्या न्हाई.’

३१ जानेवारी २०२० ला टेलिफोन खात्यातले, म्हणजे बीएसएनएलचे, अठ्ठ्याहत्तर हजारांवर लोक एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, त्यातले तुम्ही एक, हे चहा पिताना कळलं. खांबावर चढून लोकांच्या लाइनी जोडताना त्यांचं बोलणं कानावर यायचं का, असं मी विचारलं. ‘याचं की. पण ते आपलं नसतंय,’ म्हणालात आणि बिस्किट बुडवलंत.

उरलेलं कापड गुंडाळून परत देणारा शिंपी मी लहानपणी पाहिलाय. मागाचा काढलेला जुना भाग मालकाच्या हातात ठेवून मगच पैसे मागणारा जॉबर आमच्या खालच्या मजल्यावर अजून येतो. ही माणसं काही फुकट काम करत नाहीत, तुम्हीही केलं नाहीत, आणि बिल चोख दिलंत याचं मला उलट बरं वाटलं. आमच्या गावात अशी माणसं आहेत म्हणून उधारी चालते, माग चालतात. ज्यांना पासवर्ड खिशात ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवायचंय त्यांनी खुशाल ठेवावा. माझ्याकडून त्यांना चार वर्षं मिळाली, तेवढी पुरे.

मला लाज वाटली ती स्वतःचीही. कारण लोकांची पॅन, बँकेची खाती, नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवलेल्या ठेवी, हे सगळं माझ्याकडे असतं. आणि पक्षकार समोर बसून पासवर्ड टाकत असला की मी आत्तापर्यंत सरळ पडद्याकडे बघत बसायचे. उशीर झाला तर ‘द्या इकडे, मी टाकते’ म्हणायचे. परवा एक मागवाले पोर्टलचा पासवर्ड बदलत होते तर मी खुर्ची फिरवली. ते घाबरले. ‘मॅडम, काय चुकलं का आमचं?’

गेल्या अकराला वीज दोनदा गेली. माग थांबले, आम्ही सवयीने दचकलो, आणि मग पाहिलं तर डबीवरचे दिवे चालू. एक मुलगी म्हणाली, ‘काकांचं चालू हाय.’ राऊटरला ऑफिसात आता हेच नाव पडलंय.

एक राहिलंच. तुमची क्रिम्पिंगची पक्कड माझ्या टेबलाच्या खणात आहे, निळ्या मुठीची. तुम्ही ती दुकानात शोधत असाल. घेऊन जायला या, आणि ती दुधीची पाककृती तुम्ही अर्धीच वाचलीत, तीही पुरी करा, पान मी फाडलेलं नाही. फक्त येताना तारीख बघून या. अकराच्या आधी आलात तर चहासुद्धा विचारणार नाही.

तुमची,
वकीलबाई (वकील नसलेली)